झटपट भाजलेली फॉस्फर-काच करडी पडते आणि लेझरखाली मंदावते: कुठून तपासायला सुरुवात करावी

भट्टी उघडून प्लेट चिमट्याने उचलावी, पांढऱ्या कागदावर ठेवावी, आणि लख्ख पिवळ्या थराऐवजी धुरकट, मळका पिवळा दिसावा. हा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. हा दोष मी स्वतःच्या आणि इतरांच्या नमुन्यांवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता पाठ झाला आहे. तो क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मागतात, आणि दोष निघतो वायूच्या नळीत.

कोणत्या थराबद्दल बोलतो आहोत ते आधी स्पष्ट करते. फॉस्फर म्हणजे एका रंगाचा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा देणारी पूड. सीरियम घातलेला यॅग (यिट्रियम-अॅल्युमिनियम गार्नेट) फॉस्फर, कमी तापमानाला मऊ पडणारी काचेची पूड, म्हणजे फ्रिट, आणि छापताना हे कण धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ, म्हणजे बाइंडर, यांची पेस्ट सफायरच्या (पारदर्शक नीलम-स्फटिकाच्या) चकतीवर छापायची, वाळवायची आणि हॅलोजन दिव्यांच्या जलद भट्टीत भाजायची. साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा लेझर त्यावर पडला की थर पिवळा उजेड देतो, उरलेल्या निळ्यात तो मिसळतो आणि पांढरा प्रकाश मिळतो. २०१४ साली मोटारींच्या हेडलाइटमध्ये लेझर आले ते याच तत्त्वावर. सिलिकोनमध्ये फॉस्फर कालवून एलईडीचं काम भागतं, लेझरचं भागत नाही. सिलिकोनची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला जेमतेम ०.२ वॅट असते आणि लेझरच्या ठिपक्याखाली ते करपतं.

लक्षणं

यातली एक-दोन जुळली तरी पुढे वाचा.

– भाजण्याआधी पिवळा असलेला थर भाजल्यावर करडा, तपकिरी किंवा चहाच्या डागासारखा दिसतो.
– वरून ठीक दिसतो, पण चकती उलटी केली की सफायरच्या बाजूने काळसर छटा असते.
– एकाच खेपेत भाजलेल्या चार प्लेटपैकी दोन चांगल्या, दोन खराब.
– लेझरची शक्ती वाढवताना सुरुवातीला उजेड सरळ वाढतो, मग एका टप्प्यावर थबकतो, आणि त्यापुढे चक्क कमी होतो. सोबत ठिपक्याचा मध्य निळसर दिसू लागतो.
– लेझर बंद करून पुन्हा लावला की उजेड परत येतो. किंवा येत नाही, आणि जागेवर डाग राहतो.

शेवटच्या लक्षणातली दोन रूपं वेगळी नोंदवा. उजेड परत येत असेल तर थर फक्त तापतो आहे. येत नसेल तर थर जळला आहे.

थोडा करडेपणा चालेल, असं का म्हणू नये

डोळ्याला जेमतेम जाणवणारी छटा लेझरखाली महागात पडते. हिशेब करून पाहा. ४५० नॅनोमीटरचा निळा शोषून सरासरी ५५० नॅनोमीटरचा पिवळा बाहेर पडतो, तेव्हा सगळं निर्दोष असलं तरी साधारण १८ टक्के ऊर्जा उष्णता होऊन थरातच राहते. ५ वॅट शोषले तर ०.९ वॅट उष्णता. आता करडेपणामुळे पाचातला एक भाग उजेड वाया गेला असं धरा. उजेड २० टक्क्यांनी घटला, पण उष्णता ०.९ वरून १.७ वॅटवर गेली. जवळजवळ दुप्पट. थर तापला की फॉस्फरची कार्यक्षमता उतरते, ती उतरली की आणखी उष्णता, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून ज्याला लोक ‘लेझरचा प्रश्न’ म्हणतात तो पुष्कळदा भट्टीत जन्मलेला असतो.

पायरी १: भिंग, कागद आणि निळी टॉर्च

खर्च जवळपास शून्य. चकती पांढऱ्या कागदावर ठेवून दहापट भिंगातून दोन्ही बाजूंनी पाहा. करडेपणा सगळीकडे सारखा आहे, मध्यभागी जास्त आहे, की फक्त तळाशी? सगळीकडे सारखा असेल तर अर्धवट जळलेल्या बाइंडरचा कार्बन बहुधा बाहेर पडला नाही. मध्यभागी जास्त आणि कडेला स्वच्छ असेल तर कार्बनचा संशय पक्का होतो, कारण कडेकडून वायूला निसटायला जागा असते. फक्त तळाशी असेल तर प्लेट ज्यावर ठेवली होती त्या वस्तूकडे बोट दाखवायचं. करडी नसून दुधाळ, पांढुरकी दिसत असेल तर गोष्ट निराळी: काचेत स्फटिक वाढले आहेत किंवा ती पुरेशी वितळलीच नाही.

मग जुनी चांगली प्लेट आणि नवी प्लेट शेजारी ठेवून अंधाऱ्या खोक्यात निळ्या एलईडी टॉर्चने उजळवा आणि एक्स्पोजर कायम ठेवून फोनने फोटो काढा. हे मोजमाप नव्हे, पण फरक आहे की मनाचे खेळ आहेत हे पाच मिनिटांत कळतं. या पायरीला लेझर लावू नका.

बारीक बुडबुडे दिसले म्हणून लगेच घाबरू नका. थोडी छिद्रं प्रकाश विखुरतात, ठिपका पसरू देत नाहीत आणि निळा-पिवळा नीट मिसळायला मदत करतात. एकही बुडबुडा नसलेला थर करण्याच्या नादात लोक तापमान चढवतात आणि फॉस्फर गमावतात. मोठे, एका ओळीतले किंवा सफायरलगत साचलेले बुडबुडे मात्र वाईट, कारण ते उष्णतेची वाट अडवतात.

पायरी २: चार वाट्यांची परीक्षा

या पोस्टमधली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. अल्युमिनाच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या, चार छोट्या वाट्या घ्या. पहिलीत नुसती काचेची पूड. दुसरीत पूड आणि बाइंडरचं द्रावण कालवून वाळवलेलं. तिसरीत पूड आणि फॉस्फर, कोरडेच मिसळलेले. चौथीत नेहमीची पूर्ण पेस्ट, वाळवून. चारही वाट्या नेहमीच्याच रेसिपीने, म्हणजे भट्टीत बसवलेल्या तापमान-वेळेच्या क्रमाने, एकत्र भाजा.

पहिलीच करडी झाली तर फॉस्फर आणि बाइंडर दोघेही निर्दोष, दोष काचेत किंवा भट्टीतल्या हवेत. फक्त दुसरी आणि चौथी बिघडली तर बाइंडर. तिसरी फिकी पडली तर काच फॉस्फरला खाते आहे. आणि पहिल्या तिन्ही स्वच्छ निघून चौथीच खराब आली, तर घटकांत दोष नाही. थर जाड आहे आणि आतला वायू निघायच्या आत वरची साय बंद होते आहे.

ही परीक्षा मी एकदा टाळली आणि तीन आठवडे फॉस्फरच्या नव्या बॅचला दोष देत बसले. शेवटी वाट्या लावल्या तेव्हा दुसरी वाटी काळी निघाली. त्यात फॉस्फरचा कणही नव्हता.

पायरी ३: बाइंडर खरोखर गेला का, ते वजन करून बघा

माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथे संपतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

छपाईच्या पेस्टमध्ये सहसा टर्पिनिऑलमध्ये विरघळवलेला इथाइल सेल्युलोज असतो. टर्पिनिऑल १२० ते १५० अंशांवर वाळवताना निघून जातो. सेल्युलोज मात्र हवेत साधारण २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तुटतो आणि जळतो. त्याला दोन गोष्टी लागतात: वेळ आणि ऑक्सिजन. आणि बाहेर पडायला उघडी छिद्रं लागतात, जी काच मऊ पडू लागली की मिटतात.

आता जलद भाजणीत काय होतं पाहा. दिवे लागले, सेकंदाला दहा अंशांनी तापमान चढलं, आणि २५० ते ४०० हा टप्पा पंधरा सेकंदांत ओलांडला. सेल्युलोज अर्धवट करपला, वरून काच मिटली, कार्बन आत कोंडला. त्यानंतर कमाल तापमान वाढवा, वेळ वाढवा, काहीही करा, तो कार्बन निघत नाही. लोक नेमकं कमाल तापमानाशीच खेळत बसतात.

जलद भाजणी कशासाठी, हे इथे विसरलं जातं. घाई आपल्याला हवी आहे ती काच मऊ पडल्यानंतर, कारण मऊ काच फॉस्फरच्या कणांना कुरतडते आणि तो काळ जितका कमी तितकं बरं. काच मऊ पडण्याआधी घाईचा काहीच फायदा नाही. त्या टप्प्यात काच घट्ट असते, यॅगला ४०० अंशांनी काही होत नाही, आणि बाइंडरला मात्र वेळ हवा असतो. म्हणून खाली सावकाश, वर झटपट.

मी वापरते तो क्रम असा: हवेत मिनिटाला ५ ते १० अंशांनी ३८० पर्यंत, तिथे अर्धा तास, आणि मग पुढची झेप. दिव्यांच्या भट्टीत इतका सावकाश टप्पा जमत नसेल तर हा भाग साध्या मफल (बंद कप्प्याच्या) भट्टीत उरकून घ्या आणि प्लेट नंतर जलद भट्टीत न्या. दोन भट्ट्या वापरण्यात कमीपणा नाही. आकडे तुमच्या काचेप्रमाणे बदलतील, पण बाइंडर जळण्याचं तापमान आणि काच मऊ पडू लागण्याचं तापमान यांत किमान ५० अंशांचं अंतर मला हवंच असतं. ते नसेल तर काच बदला किंवा लवकर जळणारा बाइंडर घ्या.

खात्री वजनाने करायची. समजा वाळलेल्या थराचं वजन ४० मिलिग्रॅम आहे आणि त्यात ३ टक्के सेल्युलोज आहे, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर कोरी चकती, वाळल्यानंतरची चकती आणि सावकाश टप्प्यानंतरची चकती अशी तीन वजनं घ्या. शेवटची घट ०.८ भरली तर उरलेला ०.४ आतच आहे, आणि तोच उद्या करडा दिसणार आहे. वाळवणं अर्धवट राहिलं असेल तर हा हिशेब फसतो, म्हणून १५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

पायरी ४: भट्टीतली हवा आणि खालचा आधार

वर सांगितलेल्या काळ्या वाटीचं कारण हेच होतं. सिलिकॉनच्या चकत्यांसाठी लिहिलेली जुनी रेसिपी भट्टीत तशीच राहिली होती आणि ती पहिल्या सेकंदापासून नायट्रोजन सोडत होती. ऑक्सिजनच नाही, तर सेल्युलोज जळेल कसा? तो कोळसा होऊन बसला. एक व्हॉल्व्ह उशिरा उघडायचा, एवढंच काम होतं.

दुसरा गुन्हेगार ग्रॅफाइटची आधार-प्लेट, म्हणजे भट्टीत नमुना जिच्यावर ठेवतात ती. गरम ग्रॅफाइटला थोडा ऑक्सिजन मिळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि बिस्मथ ऑक्साइड असलेली काच त्याला फार लवकर बळी पडते. ऑक्साइडमधला ऑक्सिजन जातो, बिस्मथ धातूचे सूक्ष्म कण उरतात, काच करडी-काळी होते. करडेपणा फक्त तळाशी असेल तर हाच संशय पहिला. ग्रॅफाइट आणि नमुना यांमध्ये अल्युमिनाची पातळ पट्टी ठेवून एक फेरी करा. सिलिकॉन कार्बाइडचा लेप असलेली आधार-प्लेट असेल तर लेपाला तडा गेला आहे का, ते भिंगातून बघा. शिशाची किंवा टेल्युरियमची काचही याच बाबतीत नाजूक असते.

ग्रॅफाइट वापरताना हवा खेळती ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीतही येऊ शकतो. त्याला वास नसतो. धुराड्याचा पंखा चालू असल्याशिवाय ही फेरी करू नका.

पूड दमट असेल तर तेही इथेच उरकून घ्या: बारीक फ्रिट हवेतली वाफ धरून ठेवते, म्हणून वापरण्याआधी १२० अंशांवर काही तास सुकवायची.

पायरी ५: भट्टी दाखवते ते तापमान नमुन्याचं आहे का?

चारांपैकी दोन प्लेट चांगल्या, दोन खराब, हे लक्षण बहुधा इथलं असतं. हॅलोजन दिव्याचा बराचसा प्रकाश दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात असतो, आणि सफायर त्याला जवळजवळ पारदर्शक. म्हणजे दिवे नमुन्याला थेट तापवतच नाहीत. ते आधार-प्लेटला तापवतात, आणि नमुना तिच्या स्पर्शाने तापतो. चकती जरा वाकडी बसली, खाली धुळीचा कण आला, की ती आत वेगळ्याच तापमानाला भाजली जाते आणि पडद्यावरचा आकडा ठाम तोच राहतो. स्पर्श न करता तापमान मोजणारा पायरोमीटरही आधार-प्लेटकडेच बघत असतो.

बारीक तारेचा के-प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) सिरॅमिक सिमेंटने एका रिकाम्या सफायर चकतीवर चिकटवा आणि तीच चकती चारही जागांवर ठेवून नेहमीची रेसिपी चालवा. जागांमध्ये २० अंशांहून जास्त फरक दिसला तर काचेला आणि फॉस्फरला हात लावू नका, आधी बैठक सुधारा. थर्मोकपलवरच विश्वास नसेल तर अल्युमिनाच्या झाकणबंद वाटीत अॅल्युमिनियमचा कपटा ठेवा. तो ६६० अंशांना वितळतो. झाकण हवंच, नाहीतर चकचकीत धातू दिव्याचा प्रकाश परतवतो आणि उशिरा तापतो.

पायरी ६: काच फॉस्फरला खाते आहे का

तिसरी वाटी फिकी निघाली असेल तर इथे या. हीच रेसिपी ठेवून कमाल तापमानावरचा वेळ निम्मा करा, मग पाव करा. उजेड वाढत गेला तर निदान झालं. मोठे कण, म्हणजे १५ ते २० मायक्रॉनचे, ५ मायक्रॉनच्या कणांपेक्षा चांगले टिकतात, कारण तितक्याच वजनाला पृष्ठभाग कमी असतो. कार्यक्षमता आकड्यात हवी असेल तर इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांचा उजेड गोळा करून मोजणारा आतून पांढरा गोळा, लागेल. भाजण्याआधीच्या फॉस्फरचं आणि भाजलेल्या प्लेटचं मोजमाप एकाच दिवशी, एकाच बैठकीत घ्या.

लाल फॉस्फर मिसळत असाल तर कान टवकारा. युरोपियम घातलेले नायट्राइड फॉस्फर यॅगइतके सोशिक नाहीत. हवेत आणि गरम काचेत त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, दोनधन युरोपियम (दोन धन विद्युतभारांचा) तीनधन होतो आणि निळ्या प्रकाशाला दाद देईनासा होतो. त्यांच्यासाठी जलद भाजणी चैनीची नाही, गरजेची आहे, आणि काचही ६०० अंशांच्या खाली बसणारीच हवी. शिवाय दोनधन युरोपियमचा उजेड विझायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, सीरियमचा साधारण ६० ते ७० नॅनोसेकंदांत विझतो. त्यामुळे तीव्र लेझरखाली लाल आधी थकतो. ती खोट भाजणीची नव्हे.

पायरी ७: ताण आणि तडे

फोन किंवा संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करून त्यासमोर चकती धरा आणि ध्रुवक (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) फिल्ममधून पाहा, फिल्म फिरवून पडदा काळा होईल अशी ठेवून. कडेला उजळ पट्टे चमकले तर ताण आहे. मात्र सफायर स्वतःच द्विअपवर्तनी आहे, म्हणजे ताण नसतानाही तो असे उजळ पट्टे दाखवू शकतो, म्हणून कोरी चकती आधी तशीच पाहून ठेवा आणि फक्त फरक मोजा. उपाय सरळ: कमाल तापमानावरून लगेच खाली या, पण काचेच्या संक्रमण तापमानाशी, म्हणजे ती कडक होऊ लागते तिथे, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि मग हळू उतरवा. तरीही कडा सुटत असतील तर काच आणि सफायर यांचं प्रसरण जुळत नाही. ते भट्टीने सुटणार नाही.

पायरी ८: आता लेझर

इथवर सगळं स्वच्छ असेल आणि तरी उजेड थबकत असेल, तर प्रश्न एकच: उष्णता की खरी संपृक्ती, म्हणजे फॉस्फरला याहून जास्त निळा पचवताच येत नाही अशी स्थिती? लेझर सलग न चालवता १ मिलिसेकंदाचा स्पंद दर १०० मिलिसेकंदांनी द्या. इतक्या वेळात थर फारसा तापत नाही, आणि सीरियमला मात्र तो काळ भरपूर असतो. स्पंदात उजेड सरळ वाढत राहिला आणि सलग चालवताना थबकला, तर दोष उष्णतेचा. स्पंदातही थबकला तर ठिपका फार लहान आहे, तो मोठा करा.

उष्णतेचा असेल तर थराची जाडी बघा. काचेची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला सुमारे १ वॅट, सफायरची ३० हून अधिक. ढोबळ हिशेबाने, एका चौरस मिलिमीटरवर १ वॅट उष्णता वरच्या पृष्ठभागाशी निर्माण झाली तर १०० मायक्रॉनच्या काचेत वर-खाली सुमारे १०० अंशांचा फरक पडतो. जाडी निम्मी, तर फरक निम्मा. पातळ थरात फॉस्फरचं प्रमाण वाढवून रंग सांभाळता येतो. चकती आणि तिच्याखालचा धातू यांतली पेस्ट पूर्ण पसरली आहे का, तेही उघडून बघा. तिथे हवेचा एक बुडबुडा असला तरी वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

कुठे थांबायचं

अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर चौथ्या वर्गात मोडतो. त्याचं भिंतीवरून विखुरलेलं प्रतिबिंबही डोळ्याला इजा करू शकतं. बंदिस्त पेटी, दार उघडताच लेझर तोडणारा इंटरलॉक आणि त्याच तरंगलांबीचे चष्मे यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर आठवी पायरी तुमची नाही. ती प्रशिक्षित लेझर-सुरक्षा अधिकारी असलेल्या प्रयोगशाळेत करून घ्या. थराला तडा गेला किंवा चकती सुटली तर निळा किरण न बदलता थेट बाहेर येतो, म्हणून तडा दिसलेली प्लेट लेझरसमोर ठेवायचीच नाही.

जलद भट्टीचे दिवे, त्यांची उच्च प्रवाहाची जोडणी आणि पाण्याने थंड होणारं आवरण यांना हात लावू नका. एखादा दिवा वारंवार जात असेल, क्वार्ट्झची नळी धुरकट झाली असेल किंवा पाण्याचा थेंब दिसला असेल, तर वीज तोडा आणि भट्टी बनवणाऱ्यांच्या तंत्रज्ञाला बोलवा. शिशाची किंवा टेल्युरियमची काच असेल आणि भट्टीच्या थंड भागावर पांढरी-पिवळी भुकटी साचत असेल, तर ती झटकू नका, फुंकू नका. घातक धूळ हाताळणाऱ्यांकडून साफ करून घ्या.

चार वाट्या, वजन, हवा आणि तापमान हे सगळं तपासूनही पहिलीच वाटी करडी येत असेल तर फ्रिट बनवणाऱ्याला त्या लॉटचा क्रमांक आणि वाटीचा फोटो पाठवा. स्फटिक वाढल्याचा संशय असेल तर क्ष-किरण विवर्तनाला नमुना द्या. तिथे काचेच्या पसरट उंचवट्यावर यॅगखेरीज आणखी टोकदार शिखरं दिसली की उत्तर मिळतं.

आणि निळा किरण कधी डोळ्यात गेल्याचा नुसता संशय आला, दिसायला काही फरक वाटत नसला तरी, काम तिथेच टाकून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना लेझरची तरंगलांबी आणि शक्ती चिठ्ठीवर लिहून न्या, डॉक्टर ती विचारतीलच.